ब्रेक लागला, पण सुटला नाही

मागच्या वेळी मी गाडीचं चाक रस्त्यात कसं बदलायचं ते सांगितलं होतं. ते ऐकून कोतोलीकडच्या एका ताईंचा आपल्या केंद्रावर फोन आला. म्हणाल्या, "आमच्या गटाची व्हॅन आहे, मीच चालवते. चार दिवस झाले, पुढचं डावं चाक तापतंय आणि जळका वास येतोय. घरचे म्हणतात, ब्रेक लागतोय न्हवं, मग काय होतंय? खरं का हो?"

ताई, ब्रेक लागतोय हे खरं आहे. पण तो सुटत नाहीये, आणि घाटात तेच वाईट. आजचं सगळं बोलणं तुमच्या त्या एका चाकावर.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. माझ्या गाडीनं शिकवलं, तेही सहा बायका मागं बसलेल्या असताना. २०२१चा जुलै आठवा. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता बंद झाला. इकडं चार दरवाजाजवळ गडावर जाणारा रस्ताच खचला. माझी व्हॅन महिनाभर अंगणात उभी. वर ताडपत्री टाकलेली, पण खालून चिखल, आडवा पाऊस आणि आपल्या पन्हाळ्याचं ते धुकं, ज्यात दोरीवरची साडी चार दिवस वाळत नाही. त्यात मी सवयीनं हँडब्रेक ओढून ठेवलेला. महिनाभर चावी म्हणून लावली नाही.

गणपतीच्या तोंडावर आमच्या गटाला कोल्हापुरातून मागणी आली. तांदळाची पिठी, कांदा-लसूण चटणी, नाचणीचे पापड. रस्ता सुरू झाला होता. सकाळी गाडी काढली तर मागची चाकं कडकन आवाज करून सुटली. मला वाटलं, झालं, गंज सुटला. वाघबीळपर्यंतच्या चढाला गाडी दुसऱ्या गिअरला पण रडत होती. मी म्हटलं, सहा बायका, त्यात चटणीची पोती, दमणारच. वाघबीळ ओलांडून केर्लीकडं उतरायला लागलो आणि वास आला. रबर आणि लोखंड एकदम करपल्यासारखा. मागून एकजण म्हणाली, "पुढच्या टेम्पोचा ब्रेक तापलाय बघ." मलाही तेच वाटलं. आपल्या गाडीचा वास आपल्याला नेहमी दुसऱ्याच्या गाडीचा वाटतो.

मग एका वळणावर ब्रेक दाबला आणि पेडल मऊ लागलं. पुढच्या वेळी दाबलं तर निम्म्याच्या खाली गेलं. अंगावर काटा आला. मी गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेतली, मग पहिल्यावर, आणि हँडब्रेक हळूहळू, एकेक दात ओढत गाडी डाव्या कडेला आणली. हँडब्रेक एकदम खेचला नाही हे नशीब, नाहीतर मागची चाकं जागीच बसून गाडी फिरली असती. आमच्या गाडीत हँडब्रेकची केबल वेगळी आहे, ती मागच्या ड्रमला जाते. पायाच्या ब्रेकचं तेल उकळलं तरी ती केबल काम करते. एवढं ज्ञान मला ड्रायव्हिंग शिकताना मिळालं होतं, म्हणून आज मी माइकसमोर बसले आहे.

खाली उतरून बघते तर पुढचं डावं चाक भट्टीसारखं. आणि मग मी मूर्खपणा केला. पाण्याची बाटली घेतली आणि चाकावर ओतली. चर्रर्र झालं, वाफ आली, सगळ्या बायका म्हणाल्या, बरं झालं, थंड झालं. मैत्रिणींनो, डिस्क बीडाची असते. आपला बीडाचा तवा चुलीवरून उतरवून आपण त्यावर गार पाणी ओततो का? तडकेल म्हणून ओतत नाही. मग तेच बीड गाडीत असलं की आपली अक्कल कुठं जाते? माझी डिस्क तडकली नाही, पण वाकडी झाली. पुढं दोन महिने ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरायचं, शेवटी उद्यमनगरात लेथवर तिला फेस मारून आणावा लागला. तो खर्च माझ्या त्या एका बाटलीचा.

पाऊण तासानं चाक निवलं आणि पेडल परत कडक झालं. इथं पुष्कळ माणसं फसतात. पेडल आलं म्हणजे ब्रेक आला असं समजून निघतात, आणि पुढच्या उतारावर तेच होतं. आम्ही निघालो नाही. माल दुसऱ्या टेम्पोत टाकला, बायका एसटीनं गेल्या आणि माझी व्हॅन टोचन करून एका गॅरेजला. तिथं चाक खोलायच्या आधीच पाच आकडी खर्च सांगितला. दोन्ही बाजूचे कॅलिपर बदला, डिस्क बदला, पाइप बदला, सगळंच बदला. मी विचारलं, नेमकं काय बिघडलंय? तर म्हणाले, "बाई, तुम्हाला कळायचं न्हाई ते." मी गाडी परत टोचन करून घरी आणली.

माझा एक चुलतभाऊ उद्यमनगरात कामाला आहे. आपलं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव म्हणजे ओतकामाचं माहेरघर. गाड्यांचे कितीतरी भाग आपल्या कोल्हापूरच्या फौंड्रीत ओतले जातात आणि आपल्यालाच म्हणे कळायचं नाही. भाऊ रविवारी आला, पाने घेऊन. पण त्यानं पान्याला हात लावला नाही. अंगणात खाटेवर बसला आणि म्हणाला, "अक्का, तू खोल. मी सांगतो."

आधी ही वस्तू कशी चालते ते डोळ्यासमोर आणू या. चाकाबरोबर एक बीडाची गोल थाळी फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना दोन जाड वड्या असतात, ते ब्रेक पॅड. त्या दोन वड्यांना घेऊन थाळीवर बसलेला लोखंडी पंजा म्हणजे कॅलिपर. आपण सांडशीनं पातेल्याचा काठ धरतो तसा तो डिस्क धरतो. धरायला जोर कुठून येतो? आपण पेडल दाबलं की पाइपमधून ब्रेक ऑइल पुढं सरकतं आणि कॅलिपरमधला पिस्टन बाहेर ढकलतं. चकलीचा सोऱ्या दाबताना आतला दट्ट्या सरकतो, तसं. पिस्टन आतल्या बाजूच्या पॅडला ढकलतो. मग बाहेरचा पॅड कोण ढकलतं? कुणीच नाही. अख्खा कॅलिपरच दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. या दोन पिना लक्षात ठेवा. बोटाएवढ्या असतात, रबराच्या टोप्यांत बसलेल्या, आणि सगळा तमाशा पुष्कळदा त्यांच्यामुळंच होतो.

आता सुटायचं कसं? पिस्टनभोवती एक रबरी रिंग असते. कुकरच्या झाकणाच्या रिंगवर बोट ठेवून जरा ढकला आणि सोडा. ती परत जागेवर येते ना? पिस्टन बाहेर जाताना ती रिंग तशीच पिळली जाते आणि आपण पाय उचलला की पिस्टनला केसभर मागं घेऊन येते. तेवढा केसभर फट पुरतो. म्हणजे ब्रेक सोडवायला कुठली मोठी स्प्रिंग नाही, सगळी मदार त्या रबरावर आणि पिना मोकळ्या असण्यावर. पिनांचं ग्रीस वाळलं, टोपी फाटून पाणी गेलं, गंज धरला, की पावसाळ्यात फुगलेला लाकडी ड्रॉवर जसा अर्ध्यात अडकतो, तसा कॅलिपर अडकतो. पॅड डिस्कला घासतच राहतात. गाडी जड वाटते, पेट्रोल जास्त खाते, चाक तापतं.

आणि तापलं की तेलाची पाळी येते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाघळतं, अगदी तसंच. बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. डॉट ३ नवं असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत. पण शंभरात पावणेचार भाग पाणी त्यात मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५वर येतात. आपल्या पाण्यापावसाच्या मुलखात, वर्षानुवर्षं न बदललेल्या तेलाचं काय होत असेल बघा. तेल उकळलं की पाइपमध्ये वाफ होते. तेल दाबलं जात नाही, म्हणून ते पिस्टन ढकलतं. वाफ मात्र दाबली जाते. आपण पेडल दाबतो, वाफ दबते, चाकापर्यंत काही पोहोचत नाही. माझ्या पायाखाली वाघबीळच्या उताराला हेच झालं होतं. म्हणजे सुरुवात ब्रेक न सुटण्यापासून झाली आणि शेवट ब्रेक न लागण्यात.

तर कोतोलीच्या ताई, तुमची गाडी ओळखायची कशी ते ऐका. सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर फिरवून आणा, शक्यतो ब्रेक कमी वापरून. थांबल्यावर चारही चाकांजवळ हाताची उलटी बाजू न्या. लावायची नाही, तवा तापला का बघताना नेतो तशी न्यायची. पुढची दोन्ही चाकं साधारण सारखी गरम असायला हवीत. एकच जास्त धग मारत असेल तर तिथं गोम आहे. गाडी चालताना एका बाजूला ओढते का तेही बघा. स्टिअरिंग सैल धरलं आणि गाडी आपोआप तापलेल्या चाकाकडं वळायला लागली तर शंका उरत नाही.

मग गाडी घरी सपाट, कडक जमिनीवर घ्या. शेणानं सारवलेल्या अंगणात जॅक रुततो, फरशीवर किंवा रस्त्याच्या कडेला डांबरावर घ्या. गाडी पहिल्या गिअरला टाका, मागच्या चाकांच्या पुढं-मागं दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक लावून उचला. आणि जॅकच्या शेजारी लोखंडी घोडी किंवा पक्का लाकडी ओंडका द्या. वीट नको. वीट ठिसूळ असते, फुटली की गाडी बसते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीच्या खाली हात, पाय, डोकं काही घालायचं नाही. पोरांना या कामाच्या वेळी शेजारी पाठवा.

चाक उचलल्यावर गिअर बंद करा, म्हणजे न्यूट्रल, आणि चाक हातानं फिरवा. किंचित घासल्याचा आवाज येऊन ते फिरलं तर बरं आहे. दोन्ही हातांनी जोर लावूनही हलत नसेल तर ब्रेक धरून बसला आहे. दुसऱ्या बाजूचंही उचलून फिरवून बघा, म्हणजे बरोबर काय आणि चूक काय हे हातालाच कळतं.

आता एक परीक्षा, जी मला त्या गॅरेजवाल्यानं करून दाखवायला हवी होती. कॅलिपरच्या मागं एक छोटं निप्पल असतं, वर रबरी टोपी. त्यावर पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक बाटलीत, आणि रिंग पान्यानं निप्पल अर्धा आटा सैल करा. थोडं तेल आलं आणि चाक लगेच मोकळं झालं, तर दोष कॅलिपरचा नाही. दाब मागं अडकलाय. बहुतेक वेळा रबरी पाइप आतून सुजलेला असतो, तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, किंवा वर मास्टर सिलेंडरमध्ये गडबड असते. ते काम मेस्त्रीचं. निप्पल घट्ट करा आणि गाडी तशीच ठेवा. पण निप्पल सोडूनही चाक घट्टच राहिलं, तर अडकलंय ते कॅलिपरमध्येच, पिना नाहीतर पिस्टन. माझं चाक घट्टच राहिलं. भाऊ खाटेवरून म्हणाला, "चला, स्वस्तात सुटलीस बहुतेक."

चाक काढलं. कॅलिपर मागं दोन बोल्टांवर असतो. खालचा बोल्ट काढला तर तो वरच्या पिनवर दारासारखा वर उघडायला हवा. माझा उघडेना. लाकडाच्या ठोकळ्यावर हातोडीनं हलके ठोके दिले तेव्हा कुरकुरत सरकला. पॅड काढले तर आतला पॅड खोबऱ्याच्या वडीसारखा पातळ आणि बाहेरचा चांगला जाड. एक झिजलेला आणि एक तसाच, ही पिना अडकल्याची खूण. खालची पिन ओढली तर तिच्यावर तांबडा गंज आणि ग्रीसच्या जागी वाळलेला डिंक. म्हणजे सबंध भानगड दोन बोटांएवढ्या लोखंडाची होती, आणि मला कॅलिपर, डिस्क आणि पाइपांची यादी वाचून दाखवली गेली होती.

कॅलिपर पूर्ण सोडला तर तो रबरी पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही. तारेनं वर बांधून ठेवायचा. पाइप आतून तुटला तर बाहेरून दिसत नाही. ब्रेकची काळी धूळ फुंकायची नाही, ब्रशनं झाडायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जातं. तोंडाला पदर गच्च बांधा, मास्क असेल तर उत्तम, आणि ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या. पिना बारीक पॉलिश पेपरनं घासल्या, पुसल्या, त्यांची भोकं ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्यानं धुतली. टोपी एक फाटली होती, ती नवीन आणली. मग ग्रीस. इथं थांबून ऐका. घरातलं कुठलंही तेल-ग्रीस चालत नाही. रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल, चाकाचं पिवळं ग्रीस, शिवणयंत्राचं तेल, काही नाही. त्यानं रबर फुगतं आणि पिन आधीपेक्षा घट्ट बसते. दुकानात ब्रेकच्या पिनांचं सिलिकॉन ग्रीस मागा, लहान पुडी मिळते. पिनेला पातळ थर पुरतो. पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला ग्रीसचा ठिपकासुद्धा लागता कामा नये.

मग पिस्टन मागं ढकलायचा, कारण नवे पॅड जाड असतात. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडा, तेल काठाला असेल तर सिरिंजनं थोडं काढून घ्या, नाहीतर उतू जाऊन रंग खाऊन टाकतं. जुना पॅड पिस्टनवर ठेवा आणि सी-क्लॅम्पनं हळूहळू आवळा. माझा पिस्टन लोण्यात सुरी गेल्यासारखा आत गेला. भाऊ म्हणाला, "पिस्टन चांगला आहे. हा जर साध्या हातानं गेला नसता तर मी तुला इथंच थांबवलं असतं."

पॅड दोन्ही बाजूंचे बदलले, उजव्या चाकाचे पण. एका चाकाला नवे आणि दुसऱ्याला जुने घातले तर गाडी ब्रेक लावताना एका बाजूला खेचते. उजव्या पिना मोकळ्या होत्या, तरी त्याही साफ करून ग्रीस लावलं.

तेल उकळलं होतं म्हणून ते पूर्ण बदलायचं आणि हवा काढायची होती. या कामाला दोन माणसं लागतात, एक चाकाजवळ आणि एक पेडलवर. आमचे घरचे साखर कारखान्यात, पाळीवर गेलेले. भाऊ उठायला लागला तर सासूबाई पुढं आल्या. म्हणाल्या, "मी बसतो की पायडलवर. चाळीस वर्सं शिवणयंत्र चालवलंय मी, काय दाबायचं ती सांग." बसल्या ड्रायव्हरच्या सीटवर, पदर खोचून. मी म्हणायची "दाबा", त्या दाबायच्या. "धरून ठेवा", की मी निप्पल सोडायचे, तेल आणि बुडबुडे नळीतून बाटलीत. मी निप्पल बंद करायची आणि मगच म्हणायची, "सोडा". पहिल्या दोनदा त्यांनी निप्पल उघडं असतानाच पाय उचलला आणि हवा परत आत गेली. मी जरा चढ्या आवाजात बोलले. त्या म्हणाल्या, "वराडू नगंस. नीट सांग." बरोबर होतं त्यांचं. त्यानंतर आम्ही शब्द ठरवून घेतले आणि मी "सोडा" म्हणेपर्यंत त्यांचा पाय हलला नाही. डब्यातलं तेल कमी होऊ द्यायचं नाही, भाऊ वरून ओतत राहिला. डब्याच्या झाकणावर जे लिहिलंय तेच तेल घालायचं, आणि सीलबंद नव्या बाटलीतलं. उघडून वर्षभर कपाटात ठेवलेली बाटली म्हणजे पाघळलेलं मीठ. निघालेलं जुनं तेल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. ते विषारी आहे आणि फिकट पिवळं, सरबतासारखं दिसतं. आमच्याकडं ती बाटली भाऊ गॅरेजला घेऊन गेला. गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

चाक बसवलं, नट समोरासमोरचे आवळले, गाडी खाली घेतल्यावर पुन्हा आवळले. आणि मग ती गोष्ट, जी विसरली तर वरचं सगळं काम जीवावर येतं. गाडी हलवायच्या आधी पेडल दाबायचं. पिस्टन मागं गेलेला असतो, पहिल्या चार-पाच दाबांना पेडल तळाला जातं. ते कडक होईपर्यंत दाबत राहायचं. कितीतरी माणसं काम झाल्याच्या आनंदात गाडी काढतात आणि समोरच्या भिंतीवर जातात. पेडल कडक झाल्यावर मी अंगणातच हात-दोन हात पुढं घेऊन ब्रेक लावला, मग गल्लीत, मग सपाट रस्त्यावर. घाटात त्या दिवशी नेली नाही. संध्याकाळी परत चाकांजवळ हात नेला. दोन्ही सारखी.

सगळा खर्च दोन हजारांच्या आत. भावाला जेवणात तांबडा-पांढरा रस्सा.

हे ऐकून कुणी म्हणेल, चला, आता गॅरेजची गरज नाही. थांबा, दुसरी गोष्ट राहिली. दोन वर्षांनी उजवं चाक तापायला लागलं. मी तेच सगळं केलं, चाक उचललं, निप्पल सोडलं, पिना काढल्या. पिना चकचकीत. मग पिस्टनवरचं रबरी कव्हर बघितलं तर ते फाटलेलं, आत चिखल, आणि पिस्टनवर गंजाचे खड्डे. क्लॅम्प आवळला तर हलेना. मी तिथंच थांबले. घासून तो गुळगुळीत होत नाही, त्या खड्ड्यांवरून रिंग फाटते आणि तेल गळतं. तो कॅलिपर मी काढायलाही गेले नाही, दुसऱ्या एका मेस्त्रींना घरी बोलावलं. या वेळी कॅलिपर बदलला, आणि मी बिल आनंदानं दिलं, कारण काय बिघडलंय ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. मेस्त्रींना मी म्हटलं, "पिना मोकळ्या आहेत, निप्पल सोडून चाक सुटत नाही, पिस्टनला गंज आहे." त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि बाकी काही बदलायची भाषा केली नाही.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर सपाट जागेला पहिल्या गिअरला टाका, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच, दगडांबरोबर. आठवड्यातून एकदा गाडी निदान रस्त्यापर्यंत नेऊन आणा, दोन-चारदा ब्रेक लावा. पुराच्या पाण्यातून गाडी काढावी लागली तर नंतर पिना एकदा उघडून बघून घ्या. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, माझ्या दारामागं खडूनं तारीख लिहिलेली असते, गॅसच्या नंबराच्या खाली.

घाटात उतरताना ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा. सारखा पाय ब्रेकवर ठेवून उतरायची सवय लावून घेऊ नका, अडकलेला ब्रेक आणि सतत पाय ठेवलेला ब्रेक, दोन्ही सारखेच तापतात.

कोतोलीच्या ताई, तुमच्या गटाची गाडी उद्या बाजाराला जाणार आहे असं तुम्ही फोनवर म्हणाला होता. उद्या माल टेम्पोनं पाठवा. सकाळी चाक उचलून हातानं फिरवा, निप्पलची परीक्षा करा, पिना बघा, आणि काय दिसलं ते मला सांगा. गुरुवारी अकरा ते बारा मी केंद्रावर असते. पेडलवर बसायला घरात कुणी नसेल तर आमच्या सासूबाई येतो म्हणाल्यात.